आईला सांगितलेला संधिवात

माझ्या आजाराचं नाव डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ते खरं मानायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मी नवऱ्यावर पाळत ठेवली, सख्ख्या भावावर संशय घेतला, रिपोर्टचे कागद उजेडात धरून तपासले आणि स्वतःच्या हातांची वाट लावून घेतली. असाच आजार असणाऱ्यांनी आणि असंच औषध घेणाऱ्यांनी निदान माझ्याइतका मूर्खपणा करू नये, म्हणून हे लिहिते आहे. औषधाचं नाव मुद्दाम देत नाही. ते डॉक्टरांनीच सांगायचं असतं, आणि कुठेतरी वाचून परस्पर दुकानात जाणाऱ्यांची आपल्याकडे काही कमी नाही.

वाशीला रेल्वे यायच्या आधीची ही गोष्ट. मुंबईला जायचं तर खाडीपुलावरून बसने जायचं. आमचा तळमजल्यावरचा ब्लॉक आणि बाहेरच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास. सहा मशीनं होती, सकाळी दोन बॅचेस, संध्याकाळी दोन. पार कोपरखैरण्याहून मुली यायच्या. नवरा बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. त्याला तोंडावर मी 'अहो' म्हणते, पण इथे वसंतच लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याचा घोळ होईल. मुलगी शिल्पा तेव्हा तिसरी-चौथीत होती.

चुका पकडणं हा माझा धंदा. पान हातात आलं की कुठल्या मशीनवरचं आहे ते मी सांगायची. तीन नंबरच्या मशीनचा 'आर' ओळीच्या केसभर वर उमटायचा, पाच नंबरचा 'ई' शाईने भरलेला असायचा. शेजारच्या मुलीचं पान ढापून आणलेलं मला एका नजरेत कळायचं. तेव्हा संशयी स्वभाव आजाराने झाला असं कोणी समजू नये. तो आधीपासून होता आणि त्याच्यावर आमचं घर चालत होतं.

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला करंड्याचं झाकण उघडेना. बायका हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचला नव्या मुलींना 'ए एस डी एफ' करून दाखवायला बसले आणि डावी करंगळी 'ए'वर जाईचना. बोटं रात्रभर कोणी आवळून बांधल्यासारखी ताठ झाली होती. दुपारी बारापर्यंत ती आपोआप सैल झाली. रोज असंच व्हायला लागलं. सकाळचं दुखणं दुपारी मलाच नाटक वाटायचं, मग दुसऱ्याला काय सांगणार?

महिन्याभराने मनगटं सुजली तेव्हा वसंत मला मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. बुधवारची ओपीडी. डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी एकेक पेर दाबून बघितलं, मला रक्त द्यायला आणि एक्स-रेला पाठवलं. मी परत आले तेव्हा वसंत त्यांच्यासमोर बसलेला होता. मी आत पाऊल टाकलं तशी दोघं बोलायची थांबली.

"संधिवात आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हातारपणी गुडघे दुखतात तो नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, तसला. औषध बराच काळ चालेल."

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, चला, संधिवातावर भागलं. पण तो शब्द आमच्या घरचा होता. आम्ही तो एकदा वापरलेला होता.

*

त्याच्या सहा वर्षं आधी माझ्या आईला कॅन्सर झाला होता. सापडला तेव्हा तो हाडांत उतरलेला होता. माझा मोठा भाऊ अण्णा तिला चिपळूणहून आमच्याकडे घेऊन आला, आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आम्ही दोघांनी पाच मिनिटांत ठरवून टाकलं की आईला सांगायचं नाही. तेव्हा सगळे असंच करायचे. पेशंटला सांगणारा माणूस दुष्ट समजला जायचा. हाडं दुखत होती, तेव्हा संधिवात हे नाव सोयीचं होतं.

एकदा नाव ठरल्यावर आम्ही ते चोख निभावलं. हॉस्पिटलची पाटी दिसू नये म्हणून टॅक्सी मागच्या फाटकाने न्यायचो. औषधाच्या बाटल्या मी गरम पाण्यात बुडवून लेबलं नखाने खरवडून काढायची. रोज संध्याकाळी निर्गुंडीच्या तेलाने तिचे गुडघे चोळायची, म्हणजे संधिवात खरा वाटावा. आईचं खूप बिघडलं तेव्हा शिल्पाला ठाण्याला सासूबाईंकडे पाठवलं आणि आईला सांगितलं, इथे गोवराची साथ आहे.

पण आई तीस वर्षं शाळेत मास्तरीण होती. लाल पेन्सिल तिच्या पिशवीतून निवृत्तीनंतरही गेली नव्हती. एक दिवस ती म्हणाली, "सुमे, एवढं रक्त काढतात, तर मला कागद दाखवा की. मला इंग्रजी येतं."

मी त्याच संध्याकाळी तीन नंबरच्या मशीनवर बसले. कुठेच नसलेल्या एका लॅबचं नाव वर टाइप केलं, खाली आजाराचं नाव आर्थ्रायटिस. अण्णाने डॉक्टरची सही ठोकली. आईने कागद घेतला, खिडकीशी नेला, चष्मा लावून सावकाश वाचला.

"किती स्वच्छ टाइप केलंय," ती म्हणाली, आणि घडी घालून आपल्या कागदांच्या फायलीत ठेवला.

अण्णाने माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. त्यानंतर चार महिने आई जगली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःच सांगायची, "संधिवात आहे हो. जुना आहे, आता उचल खाल्लीय." आम्ही वळून डोळे पुसायचो आणि मनात म्हणायचो, बरं झालं, तिला कळलं नाही.

*

आता माझी अवस्था समजेल. पहिले काही महिने साध्या गोळ्या झाल्या. मग सोन्याची इंजेक्शनं झाली. खरंच सोन्याची असतात. अंगावर घालायला फारसं मिळालं नव्हतं, ते टोचून मिळालं. त्याने अंगावर पुरळ उठलं, म्हणून तेही बंद झालं. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी नवीन औषध काढलं.

"हे शरीराची लढायची ताकद थोडी दाबतं," ते म्हणाले. "ती ताकद चुकीच्या जागी लढतेय म्हणून. त्यामुळे आता जंतूंपासून जपायचं. पाणी उकळून प्यायचं. ताप आला, तोंड आलं, घसा धरला की लगेच मला कळवायचं. दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि गोळ्या आठवड्यातून एकदाच. रोज नाही. चुकूनही रोज नाही."

आठवड्यातून एकदा लोक उपास करतात, औषध कोण घेतं? शिवाय दर महिन्याला रक्त. आईचंही दर महिन्याला काढायचे.

गोळ्या वसंतने आपल्या कपाटात कुलपात ठेवल्या. दर रविवारी चहानंतर तो एका छोट्या काचेच्या बाटलीतून तीन चिमुकल्या पिवळ्या गोळ्या माझ्या तळहातावर ठेवायचा. त्या बाटलीला लेबल नव्हतं. काचेवर गोंदाचे पांढरट ओरखडे मात्र होते. गरम पाण्यात भिजवून नखाने खरवडलं की असेच ओरखडे राहतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मी रिपोर्ट तपासायला घेतले. रोज दुपारी, वसंत पहिल्या पाळीला गेला की, सगळे कागद काढून खिडकीत धरायची. 'ई' सारखा आहे का, समासात फरक आहे का. एकदा वसंतच्या ऑफिसातून आलेलं पत्र काढून त्याच्याशी ताडून बघितलं. अक्षरं जुळेनात. मला हायसं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, हुशार आहे, बाहेरून टाइप करून घेतलाय.

घरातलं प्रेम तर इतकं वाढलं की माझी झोप उडाली. वसंतने लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःची कपबशी विसळली. अण्णा न बोलावता चिपळूणहून आंबे घेऊन आला, दोन दिवस राहिला आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "सुमे, जपून राहा गं." हाच अण्णा लहानपणी मला विहिरीत ढकलतो म्हणायचा. आमच्या घरात कोणी एकदम गोड बोलायला लागलं की समजावं, कोणीतरी जायला निघालंय.

होळीपर्यंत मला बरं वाटायला लागलं होतं, हेही सांगायला पाहिजे. मी पुरण स्वतः वाटलं. केसांचा अंबाडा स्वतः घालता आला. सकाळची बॅच पुन्हा माझ्या हाताने सुरू झाली. पण आईलाही मधे पंधरा दिवस बरं वाटलं होतं, आणि आम्ही म्हटलं होतं, बघ, संधिवात उतरला.

*

एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या दोन्ही मुलांना कांजिण्या आल्या. त्यांच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. त्या घरची बाई माझी मैत्रीण, मी ताक घेऊन वर निघाले तर वसंत जिन्यातच आडवा आला.

"तू अजिबात जायचं नाही. आणि शिल्पाची परीक्षा संपली की तिला अण्णाकडे सोडून येतो."

"का? मी काय केलंय तिला?"

"तुला लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या ना? डॉक्टरांनी बजावलंय, या औषधावर असताना कांजिण्या झाल्या तर जिवावर बेतेल. शिल्पा त्याच पोरांबरोबर खेळते. साथ आहे, सुमन."

साथ आहे! आईच्या वेळी शिल्पाला मी ज्या कारणाने पाठवलं होतं, तेच कारण तो मला सांगत होता, फक्त गोवराच्या जागी कांजिण्या घातल्या होत्या. मुलीने आईला झिजताना बघू नये म्हणून तिला हलवतायत, एवढंच मला कळलं. शिल्पा खुशीत गेली. तिला चिपळूणला पोहायला मिळणार होतं. मी मोरीत जाऊन रडले.

आज बघते तेव्हा वाटतं, वसंतचं काय चुकलं? तो बिचारा जे जे खरं सांगत होता, ते ते मी आधीच खोटं म्हणून वापरून ठेवलेलं होतं. त्याला सांगायला एक शब्द शिल्लक ठेवला नव्हता.

मे महिन्यात त्याला सलग शिफ्टा लागल्या आणि गोळ्या संपत आल्या. मी त्याच्या शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि स्वतःच बसने जाऊन हॉस्पिटलजवळच्या दुकानात दिली. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घरात कोणाला आहे, ताई?"

"काय कोणाला आहे?"

"कॅन्सर," तो म्हणाला. "हे त्याचंच औषध आहे ना. पेशंटला सांगितलं नसेल तर स्ट्रिप दाखवू नका. आमच्याकडून पुष्कळ लोक बाटलीतच भरून नेतात."

मी म्हटलं, "शेजारीण आहे." गोळ्या घेतल्या आणि बसमध्ये बसले. पूल कधी आला, कधी गेला ते समजलंच नाही. मला मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. मला सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलं होतं. माझ्या आईला मी जसं काढलं होतं तसं.

*

घरी येऊन मी ती स्ट्रिप लपवली आणि चिठ्ठी वसंतच्या खिशात परत सारली, गोळ्या त्याच्या त्याने आणल्या. त्या रविवारपासून मी गोळ्या घेणं बंद केलं. वसंतने तळहातावर ठेवल्या की तोंडात टाकायची, पाण्याचा घोट घेताना जिभेखाली दाबायची आणि तो पेपर उघडून बसला की क्लासच्या खोलीत जाऊन टाइपरायटरच्या रिबनच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत टाकायची. आई शेवटी शेवटी औषधांनी ओकून ओकून अर्धी झाली होती, कशासाठी ते तिला कोणी विचारलं नव्हतं. मी ठरवलं, मला कॅन्सरच असेल तर तो मी माझ्या मनाने घेऊन बसेन. यांच्या नाटकात काम करणार नाही. वसंतला मात्र एका शब्दाने विचारलं नाही. विचारून काय, तो संधिवातच म्हणणार होता.

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. मला वाटलं, बघा, औषध नव्हतंच ते. पाचव्या आठवड्यात मनगटं गरम लागायला लागली. सहाव्यात गुडघे भरले. सातव्या रविवारी सकाळी मला चहाचा कप उचलता आला नाही. दोन्ही हातांच्या मध्ये धरायला गेले तर तो कलंडला. वसंतने फरशी पुसली. मग कंगवा घेऊन माझ्या मागे बसला आणि त्याला जमेल तशी, तिरपी, सैल वेणी घातली. वेणी घालून झाल्यावर बाटली काढून त्याने तीन गोळ्या माझ्या तोंडात स्वतः ठेवल्या. त्याही मी डबीत टाकल्या, कशा, ते सांगायची मला आज लाज वाटते.

क्लास बंद ठेवावा लागला. बंद दारामागे सहा मशीनं झाकणाखाली बसून होती. मी त्यांच्याकडे बघायची आणि हाडांत उतरलेल्या आईच्या कॅन्सरचा विचार करायची. सांधे सुजलेत हे डोळ्यांना दिसत होतं, तरी मी हाडंच मोजत होते.

*

बुधवारी ओपीडीला डॉक्टरांनी माझे हात हातात घेतले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आश्चर्य आहे. चार महिन्यांपूर्वी उतार होता. रक्तही चांगलं आहे. या औषधावर असं व्हायला नको. डोस वाढवावा लागेल. जवळजवळ दुप्पट. गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"एकही रविवार चुकला नाही, डॉक्टर," वसंत म्हणाला. "मी स्वतः हाताने देतो."

इतक्या विश्वासाने म्हणाला की मला तिथे बसवेना. डॉक्टरांनी पेन उघडलं.

"मला कॅन्सर आहे का?" मी विचारलं.

वसंतचं तोंड उघडंच राहिलं. "काय बोलतेस काय, सुमन?"

"तुम्ही गप्प बसा. डॉक्टर, तुम्ही सांगा."

डॉक्टरांनी केस पेपर माझ्याकडे सरकवला. "वाचा."

"कागदाचं मला सांगू नका. मी माझ्या आईला असा कागद टाइप करून दिलाय. सहीसकट."

बाहेर नर्स कोणाचा तरी नंबर पुकारत होती. डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. ते पेनचं टोपण लावून म्हणाले, "म्हणजे मी काही सांगितलं तरी तुम्ही विश्वास ठेवणार नाही?"

"नाही."

"मग मी बोलतच नाही. उठा, बाहेर चला."

बाहेर भिंतीशी लांब बाक होते. दर खेपेला मी त्याच बाकावर बसायची, पण संशयी माणूस डॉक्टरच्या दाराकडे बघतो, शेजारच्याकडे बघत नाही. "बायांनो, जरा हात पुढे करा," डॉक्टर म्हणाले. आठ-दहा बायकांनी परीक्षेला बसल्यासारखे हात पुढे केले. एक कॉलेजातली मुलगी होती, एक नर्सच होती, एक सत्तरीची. सगळ्यांची पेरं माझ्यासारखी फुगलेली, बोटं माझ्यासारखीच करंगळीच्या बाजूला कललेली. काहींची माझ्याहून कितीतरी जास्त. उरलेल्या आयुष्यात माझे हात कसे होतील ते त्या बाकावर ओळीने मांडून ठेवलं होतं.

शेवटी बसलेली म्हातारी कोपरखैरणे गावातली होती. शेतं नव्या शहरात गेलेल्या घरांपैकी. तिने माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला.

"बग, बाय. तुजा नि माजा सारकाच हाय. कवापासून?"

"दीड वर्ष. तुम्ही कुठलं औषध घेता?"

तिने कमरेच्या पिशवीतून स्ट्रिप काढली. तेच नाव. "आयतवारच्या तीन. मना बी मेडिकलवाल्यानं कॅनसर म्हनून सांगला. माजा पोर दोन दिस जेवला नाय. मंग मी हितं येऊन डाकतराला इचारला. तुवा इचारला नाय?"

मी नाही विचारलं. एवढी शिकलेली मी, इंग्रजी रिपोर्ट उजेडात धरून वाचणारी. कागद खोटा करता येतो, सही खोटी करता येते. दहा बायकांची बोटं एकाच बाजूला कोणाला वाकवता येतील? मी त्या बाकावर खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. म्हातारीने माझ्या पाठीवरून आपला तो वाकडा हात फिरवला.

मग आत जाऊन मी पर्समधली रिबनची डबी टेबलावर उघडली. एकवीस गोळ्या होत्या. डॉक्टरांनी त्या बोटाने सरकवत मोजल्या आणि तेव्हा मात्र ते भडकले.

"मी आज डोस दुप्पट करत होतो! घरी जाऊन तुम्हाला पश्चात्ताप झाला असता आणि तुम्ही तो सगळा घेतला असता, तर तुमचं रक्त कुठे गेलं असतं माहीत आहे? औषध नको असेल तर माझ्या तोंडावर सांगा. भांडा माझ्याशी. पण घेतलं म्हणून सांगू नका."

हे वाक्य मी वाचणाऱ्यांसाठी जसंच्या तसं लिहिते आहे. हे औषध इतर आजारांतही वापरतात, मोठ्या डोसात कॅन्सरमध्येही वापरतात. आपल्याला ते कशासाठी दिलंय ते दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारायचं. आणि घरच्यांनी बाटल्यांची लेबलं काढू नयेत. माणूस कोरी बाटली बघतो आणि तिच्यावर मनातलं नाव लिहितो.

*

घरी आल्यावर वसंतने चहा केला, माझ्यासाठी जाड कानाच्या मगमध्ये ओतला आणि म्हणाला, "स्ट्रिपबरोबरच्या कागदावर कॅन्सर असं छापलेलं होतं. तुझ्या आईचं सगळं तू बघितलेलं. मला वाटलं, तू वाचशील आणि घाबरशील. म्हणून एका जुन्या बाटलीचं लेबल काढून तिच्यात भरल्या. पहिल्या दिवशी डॉक्टरांना मी तेच विचारत होतो की नक्की कॅन्सर नाही ना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरू नयेस म्हणून." मग आपला कप खाली ठेवून म्हणाला, "सात आठवडे, सुमन. मी तुझी वेणी घातली, माझ्या हाताने गोळ्या भरवल्या, आणि तू त्या तोंडात धरून बसलीस."

मी त्याची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि मनापासून. तोही रडला. शेवटी असं ठरलं की दर रविवारी तो स्ट्रिप माझ्यासमोर फोडणार आणि आतला कागद सगळ्या भयंकर परिणामांसकट मोठ्याने वाचणार. आजतागायत वाचतो. उलट्या, केस गळणे, यकृत, पांढऱ्या पेशी, असं सगळं ऐकत मी तीन गोळ्या गिळते आणि त्याला तोंड उघडून दाखवते. हात पूर्ण पहिल्यासारखे झाले नाहीत. डाव्या करंगळीला 'ए'पर्यंत पोचायला अजून वेळ लागतो. पण त्या दसऱ्याला मशीनांची पूजा मी केली आणि दुसऱ्या दिवशी क्लास उघडला.

ओपीडीहून परतलो त्याच संध्याकाळी चहा पिताना वसंतने विचारलं, "आईंना शेवटपर्यंत कळलं नाही, ना?"

"नाही," मी म्हटलं. "माझा कागद एवढा चोख होता की विचारू नका. दाखवते."

आईची फाइल मी सात वर्षांत उघडली नव्हती. धीर होत नव्हता. वसंतने ती माळ्यावरून काढून माझ्यासमोर ठेवली, कारण माझे हात वर जात नव्हते. सगळ्यात वर तिच्या पेन्शनच्या अर्जाची कार्बन कॉपी होती. तो अर्ज मीच टाइप करून दिलेला होता, ती आजारी पडायच्या वर्षभर आधी, तीन नंबरच्या मशीनवर. त्यातला ओळीवर चढलेला प्रत्येक 'आर' आईने लाल पेन्सिलीने गोल करून मला परत दाखवला होता आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. ते मी साफ विसरले होते.

त्याच्या खाली माझा खोटा रिपोर्ट होता, तिने घातलेल्या घडीतच. मी तो उलगडला. खाली आजाराचं नाव होतं, आणि त्या नावातल्या पहिल्या 'आर'भोवती एक लहानसा लाल गोल होता.

म्हणजे खिडकीशी उभी राहून, चष्मा लावून, ती हेच बघत होती. मग वळून म्हणाली, किती स्वच्छ टाइप केलंय. आम्हाला मात्र वाटलं, आम्ही सुटलो.

माझ्या आईला संधिवात कधीच नव्हता. तरी शेवटचे चार महिने तिने तो आमच्यासाठी सोसला.